शिकारीची रायफल, ८०० यार्डांवरची प्लेट: एका रेमिंग्टन ७०० चं प्रकरण

प्रकरणातली रायफल आहे रेमिंग्टन ७०० एसपीएस. कॅलिबर .३०८ विंचेस्टर, २४ इंची बारीक नळी, १२ इंचांत एक पीळ (नळीतल्या खोबणी गोळीला १२ इंचांत एक फेरा देतात), काळा प्लॅस्टिकचा दस्ता आणि वर ३-९×४० चा (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा) साधा शिकारी स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी हजारो घरांत असते तशीच. मालकाला तिच्यातून ८०० यार्डांवर २० इंच व्यासाची पोलादी प्लेट मारायची आहे, आणि तीही नशिबावर नव्हे, तर दहापैकी सात-आठ वेळा. या वर्गातल्या रायफलींत नेहमी एकत्र दिसणारी दुखणी एका जागी घेऊन हे प्रकरण मांडलं आहे.

तक्रारी तीन. वाळूच्या पिशवीवर ठेवून १०० यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात बसतात, पण बायपॉड (पुढे लावायचा दोन पायांचा टेकू) लावला की सगळा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, इंच-दोन इंच सरकतो. सलग सहा-सात गोळ्या मारल्या की ग्रुप एका बाजूला लांबत जातो. आणि स्कोपचं नेम वर-खाली करणारं बटण वर फिरवून परत शून्यावर आणलं की गोळी आधीच्याच भोकाजवळ पडेल याची खात्री नसते.

अशा वेळी दुकानदार आणि मित्र एकच सल्ला देतात: जाड मॅच (स्पर्धेची) नळी बसव. आमचं मत उलट आहे. नळी हा शेवटचा खर्च. त्याआधी प्रत्येक बदल ८०० यार्डांवर किती इंच वाचवतो, ते मोजून मगच पैसा घालावा. प्लेटच्या मध्यापासून कडेपर्यंत १० इंच आहेत, आणि सगळ्या चुका मिळून त्या १० इंचांत बसवायच्या आहेत.

मापाचं आधी ठरवू. एक मिल, म्हणजे मिलीरेडियन हे कोनाचं माप, १०० यार्डांवर ३.६ इंच आणि ८०० यार्डांवर २८.८ इंच. एक एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० यार्डांवर १.०४७ इंच, ८०० वर साधारण ८.४ इंच. १७५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मॅच गोळी सेकंदाला २६०० फूट वेगाने निघाली, तर १०० यार्डांच्या झिरोपासून (त्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी येतात) ८०० यार्डांसाठी समुद्रसपाटीच्या हवेत सुमारे ७.९ मिल वर चढावं लागतं. १००० यार्डांसाठी तेच ११ मिलच्या पुढे जातं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे यांच्यामुळे आपल्याकडे ५० मीटरची रायफल घरोघरी ठाऊक झाली. इथलं अंतर त्याच्या साडेचौदा पट आहे, आणि गोळीचं खाली येणं अंतराच्या प्रमाणात नव्हे, त्याहून फार वेगाने वाढतं.

कायद्याचं आधी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकासाठी ही ओळ महत्त्वाची. ग्रीन कार्ड असलेल्याला संघीय कायद्याने रायफल बाळगता येते. पण एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला सर्वसाधारण बंदी आहे. त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यांतला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, म्हणून मित्राच्या रायफलीला हात लावण्याआधीही तारीख पाहावी. राज्यांचे नियम आणखी वेगळे. रायफलीचा स्कोपही निर्यात-नियंत्रणाखाली येतो, तेव्हा भारतात येताना तो सहज बॅगेत टाकायची वस्तू नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारच बंद आहे आणि शस्त्राची दुरुस्ती-फेरफार हे परवानाधारकाचं काम आहे. पुढचं सगळं अमेरिकेतल्या रायफलीबद्दल आहे.

पैसे खर्च करण्याआधीची तपासणी

काडतुसं दुसऱ्या खोलीत. बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) काढून चेंबर, म्हणजे काडतुसाची जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा.

पहिली चाचणी कागदाची. नोटेएवढा कागद नळी आणि दस्त्याच्या मधून टोकाकडून मागे सरकवत न्यायचा. या रायफलीत तो टोकापाशीच अडतो, कारण कारखान्याने दस्त्याच्या टोकाला मुद्दाम दोन उंचवटे ठेवले आहेत. ते बारीक नळीला खालून दाब देतात. दोन-तीन गोळ्यांच्या शिकारीसाठी ही युक्ती जुनी आणि चालणारी आहे. पण दस्ता पोकळ प्लॅस्टिकचा असला की बायपॉडवर भार दिल्याबरोबर तो वाकतो आणि दाब बदलतो. पहिल्या तक्रारीचं मूळ इथेच. तिसऱ्या गोळीनंतर नळी तापून फुगते तेव्हाही हाच दाब बदलतो. दुसऱ्या तक्रारीचा निम्मा भागही इथलाच.

दुसरी चाचणी स्क्रूची. रायफल उभी धरून एक बोट नळी आणि दस्त्याच्या सांध्यावर ठेवायचं आणि पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू हळूहळू सैल-घट्ट करायचा; अ‍ॅक्शन म्हणजे नळीमागचा, बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग. बोटाखाली हालचाल जाणवली तर अ‍ॅक्शन दस्त्यात ताणाखाली बसलेली आहे. डायल इंडिकेटर असेल तर तो नळीला लावून वाचावा. इंचाच्या दोन-तीन हजारांशांपेक्षा जास्त सरकत असेल, तर बेडिंग, म्हणजे अ‍ॅक्शनखाली तिच्या आकाराचा इपॉक्सीचा थर, हवंच.

रेमिंग्टन ७०० ची अ‍ॅक्शन म्हणजे मुळात एक गोल पाइप. १९६२ मध्ये ती बाजारात आली तेव्हा लेथवर स्वस्तात बनावी हाच हेतू होता. त्या गोल आकारामुळे गनस्मिथला ती आवडते, आणि त्याच आकारामुळे ती वाईट दस्त्यात गोळीच्या पिळाबरोबर किंचित फिरते. धक्का झेलणारा रीकॉइल लगही अ‍ॅक्शनचा भाग नसून नळी आणि अ‍ॅक्शनच्या मध्ये वॉशरसारखा चिमटलेला असतो. म्हणजे सगळा धक्का त्या लगच्या मागच्या सपाट अंगावर येतो. तिथे पोकळी असेल, तर प्रत्येक गोळीनंतर रायफल नव्या जागी बसते.

तिसरी गोष्ट नळीची. तांब्याचा थर काढणारं द्रावण लावून पॅच निळसर यायचा थांबेपर्यंत साफ करायचं. क्राऊन, म्हणजे नळीच्या तोंडाची कड, भिंगाखाली पाहायचा आणि कापसाची काडी आतून बाहेर ओढायची. धागा अडकला तर कडेला ओरखडा आहे. क्राऊन पुन्हा कापून घेणं हे गनस्मिथचं छोटं काम आहे आणि तेवढ्याने रायफल सुधारल्याची उदाहरणं पुष्कळ.

मग मूळ रायफलीचा पाया नोंदवायचा. शिकारीची १५० ग्रेनची काडतुसं बाजूला ठेवून १७५ ग्रेनची कारखान्याची मॅच काडतुसं घ्यायची आणि पाच-पाच गोळ्यांचे किमान दोन ग्रुप मारायचे, नळी हाताला कोमट लागेल इतकी थंड होऊ देत. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर भरवसा ठेवू नका. त्याच रायफलीचे दहा गोळ्यांचे ग्रुप बहुतेक वेळा तिप्पट नसले तरी दीडपट मोठे निघतात, आणि ८०० यार्डांवर खरी असते ती दहा गोळ्यांची रुंदी.

दस्ता आणि बेडिंग

मूळ दस्त्यातच बेडिंग करून पैसे वाचवता येतील का, हा प्रश्न सगळे विचारतात. इंजेक्शन-मोल्ड केलेल्या प्लॅस्टिकला इपॉक्सी नीट धरत नाही, आणि धरली तरी पुढचा भाग वाकायचा थांबत नाही. या प्रकरणात दस्ता बदलणं हाच पहिला खर्च. पर्याय दोन: पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची चेसिस, किंवा फायबरग्लासचा दस्ता ज्याच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक आहे. अमेरिकन लष्कराने १९८८ मध्ये रेमिंग्टन ७०० वरूनच घडवलेली एम२४ घेतली, तिचा एच-एस प्रिसिजनचा दस्ता दुसऱ्या प्रकारचा होता. इथे आपणही दुसरा प्रकार घेतो, कारण थंडीत गालाला धातू लागत नाही आणि वजन थोडं कमी राहतं. खरेदी करताना शॉर्ट अ‍ॅक्शन, बीडीएल पद्धतीची (बिजागरीवर उघडणारी) मॅगझिनखालची झडप आणि नळीची जाडी हे तिन्ही जुळवून मागवा. जाड नळीसाठी खणलेला दस्ता घेतला तर पुढे नळी बदलताना उपयोगी पडतो. बारीक नळीभोवती मोकळी जागा जास्त दिसेल, त्याने नुकसान काही नाही.

ब्लॉक असला तरी वर इपॉक्सीचा पातळ थर द्यावा असं आमचं ठाम मत आहे. ब्लॉक हजारोंच्या संख्येने एका मापाचे बनतात, आणि रेमिंग्टनच्या अ‍ॅक्शन एकसारख्या नसतात. ब्लॉकची इंग्रजी व्ही आकाराची खाच अ‍ॅक्शनला दोनच रेषांवर धरते, तीही कधी पुढे जास्त आणि मागे कमी.

काम असं. इपॉक्सी डेव्हकॉनची, पोलादाची पूड मिसळलेली घ्यावी, किंवा मरीन-टेक्स. एका रायफलीला साधारण शंभर ग्रॅम तयार मिश्रण पुरून उरतं. ब्लॉकच्या पृष्ठभागावर खरखरीत पॉलिश पेपर मारून ओरखडे पाडायचे आणि अ‍ॅसिटोनने पुसायचं. गुळगुळीत किंवा तेलकट अ‍ॅल्युमिनियमवरून थर पापुद्र्यासारखा सुटतो.

अ‍ॅक्शनमधून चाप आणि बोल्ट काढा. रीकॉइल लगच्या पुढच्या, दोन्ही बाजूच्या आणि तळाच्या अंगावर चिकटपट्टीचे दोन थर लावा. मागचं अंग उघडं ठेवा. लग फक्त मागूनच टेकायला हवा. बाजूने किंवा तळाशीही चिकटून बसला, तर अ‍ॅक्शन काढता-घालताना इपॉक्सी खरवडली जाते आणि तळाला टेकलेला लग अ‍ॅक्शनला ब्लॉकवर पूर्ण बसू देत नाही. चापाची खिडकी, बोल्ट-स्टॉपची फट, मॅगझिनची बाजू, स्क्रूची भोकं, सगळीकडे मॉडेलिंग क्ले भरून कडेने सपाट कापा. मग बिनरंगी बूट-पॉलिशचे दोन हात सगळ्या धातूवर, नळीच्या पहिल्या दोन इंचांवर आणि स्क्रूच्या आट्यांवरही. प्रत्येक हात वाळल्यावर हलकं घासायचं. एक जागा राहिली तरी रायफल दस्त्याला कायमची चिकटते.

नळी दस्त्याच्या खोबणीत मध्यावर राहावी म्हणून टोकाकडे तिच्याभोवती चिकटपट्टीचे वेढे द्या. पाव इंच जाडीचे, इंचाला २८ आट्यांचे बिनडोक्याचे दोन लांब स्क्रू अ‍ॅक्शनला लावले की ती सरळ खाली उतरते. इपॉक्सी लगच्या खाचेत आधी, कोपऱ्यांत दाबून भरा. हवा अडकते ती तिथेच. अ‍ॅक्शन बसवल्यावर स्क्रूने आवळू नका. इथे सर्वांत जास्त कामं बिघडतात. आवळलेल्या अवस्थेत इपॉक्सी वाळली, तर जो ताण काढायचा होता तोच दगडासारखा पक्का होतो. अ‍ॅक्शन स्वतःच्या वजनावर, फार तर रबरी नळीच्या दोन सैल वेढ्यांवर राहू द्या.

बाहेर आलेला माल तासाभरात व्हिनेगरच्या काडीने पुसा आणि २४ तास हात लावू नका. थंड गॅरेजमध्ये ३६. काढताना स्क्रू सोडून नळीच्या खालून रबरी हातोडीचे हलके ठोके. निघाली नाही तर दोन तास फ्रीझरमध्ये ठेवायची, धातू आकसतो आणि सांधा सुटतो. तरीही न निघाल्यास क्ले न भरलेल्या भोकात इपॉक्सी शिरून कुलूप बसलं आहे असं समजा, आणि जोर न लावता गनस्मिथकडे जा.

निघाल्यावर स्क्रूची भोकं ड्रिलने थोडी मोकळी करा. स्क्रू भोकाच्या कडेला टेकला, तर लगऐवजी तोच धक्का झेलतो. बिंदूएवढे हवेचे बुडबुडे चालतात, लगच्या मागे नखाएवढा खड्डा मात्र पुन्हा भरावा लागतो.

जोडताना दोन सापळे. एक, मॅगझिनचा पत्र्याचा डबा अ‍ॅक्शन आणि खालच्या झडपेच्या मध्ये किंचित हलायला हवा. तो चिमटला गेला तर स्क्रू अ‍ॅक्शनला बेडिंगवर ओढतच नाहीत, डब्यावर ओढतात. सुंदर बेडिंग करूनही ग्रुप सुधारला नाही, तर सर्वांत आधी हा डबा पाहावा आणि त्याची कड कानशीने कमी करावी. दोन, नवीन दस्त्यात पुढचा स्क्रू लांब पडला तर त्याचं टोक बोल्टच्या लगला घासतं आणि बोल्ट जड बंद होतो. आट्यांचं एखादं वळण कापून पुन्हा बोल्ट फिरवून पाहायचा. अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकवर स्क्रू ५५ ते ६५ इंच-पौंडांवर आवळतात, पण दस्ता बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच खरा. नळीभोवती सगळीकडे सोळाव्या भागाचा इंच तरी जागा असावी, आणि बायपॉडवर खांद्याने भार देऊन कागद पुन्हा सरकवून पाहावा.

चाप

२००६ पासूनच्या रेमिंग्टन ७०० वर एक्स-मार्क प्रो चाप येत असे. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या अशा चापांसाठी कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये रिकॉल जाहीर केला. जुळणी करताना चिकटद्रव्य जास्त पडल्यामुळे चाप न ओढता गोळी सुटण्याची शक्यता होती. जुनी रायफल हातात आली की आधी अनुक्रमांक तपासायचा. त्याहून जुन्या वॉकर चापाचे स्क्रू घरी फिरवून वजन कमी करण्याच्या फंदात पडू नये.

टिमनी किंवा ट्रिगरटेक यांचा दीड ते चार पौंडांचा चाप दोन पिनांवर बसतो. पिन काढताना बोल्ट-स्टॉपची बारीक स्प्रिंग उडते, म्हणून सगळं काम पारदर्शक पिशवीत हात घालून करावं. वजन दोन ते सव्वादोन पौंड ठेवा. हातमोजे घालून शिकारही करायची असेल तर तीन. जोडल्यावर रिकाम्या रायफलीवर परीक्षा: बोल्ट दहा वेळा जोरात आपटून बंद करा. सेफ्टी लावून चाप ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. दस्त्याच्या तळाला आणि बाजूंना रबरी हातोडी मारा. एकदाही फायरिंग पिन पडली तर चाप पुन्हा जुळवा किंवा परत करा.

८०० यार्डांवर चांगला चाप किती इंच वाचवतो हे नेमबाजावर अवलंबून आहे. जड चापाने बाजूला ओढण्याची सवय असलेल्याला बराच, शिकलेल्या बोटाला थोडा.

स्कोप, रेल आणि सरळपणा

या प्रकरणात सर्वांत जास्त इंच इथे गमावले जात होते.

शिकारी स्कोपचं बटण एकदा झिरो करून टोपण लावण्यासाठी असतं. रोज आठ मिल वर-खाली फिरवण्यासाठी ते बनलेलंच नाही. नव्या स्कोपमध्ये हवं ते एवढं: रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) आणि बटण दोन्ही मिलमध्ये, पहिल्या फोकल प्लेनमध्ये रेटिकल (म्हणजे मोठेपणा बदलला तरी मापं खरी राहतात), बाजूला पॅरॅलॅक्सची घुंडी (डोळा हलला तरी नेम हलू नये म्हणून), झिरो-स्टॉप (बटण झिरोवर अडवणारी खीळ) आणि किमान २० मिल एकूण चढ. १५ किंवा १८ पट मोठं दिसलं की ८०० यार्डांना भरपूर होतं. त्याहून जास्त पैसा मोठेपणात न घालता बटणाच्या अचूकतेत घालावा.

२० मिलपैकी झिरो झाल्यावर साधारण अर्धा, म्हणजे १० मिल वर उरतो. ८०० ला ७.९ लागतात, ते बसतं. पण वर फारसं शिल्लक राहत नाही, आणि बटणाच्या टोकाकडे स्कोप सर्वांत बेभरवशाचे असतात. म्हणून २० एमओए उतार दिलेली पोलादी रेल, म्हणजे स्कोप बसवायची पट्टी. तिने ५.८ मिल मिळतात आणि १००० यार्डही आवाक्यात येतात.

रेल बसवताना आधी फक्त पुढचे दोन स्क्रू आवळा आणि मागे फट पडते का ते फीलर गेजने (पातळ पत्र्यांच्या मापाने) पाहा, मग उलट. फट असेल आणि तशीच आवळली तर रेल वाकते आणि तिच्यावरचा स्कोपही. त्या फटीत बेडिंगची तीच इपॉक्सी पातळ भरतात. स्क्रू ६-४८ चे, बारीक असतात. अ‍ॅसिटोनने धुऊन, निळं लॉकटाइट लावून, रेल बनवणाऱ्याच्या आकड्यापर्यंतच. पुढचा स्क्रू लांब असला तर तो आत नळीच्या आट्यांवर टेकतो, वर आवळल्यासारखा वाटतो पण रेल सैलच राहते. चारही स्क्रूंची लांबी मोजल्याशिवाय लावू नका. रिंगच्या टोप्या १५ ते १८ इंच-पौंड, दोन्ही बाजूंची फट सारखी.

आता सरळपणा. रायफल तीन अंशांनी तिरकी धरली, तर ८०० यार्डांवर गोळी किती बाजूला जाते? ७.९ मिल गुणिले तीन अंशांचा साइन, म्हणजे ०.४१ मिल, म्हणजे जवळजवळ १२ इंच. प्लेट एवढ्यानेच चुकली. १०० यार्डांवर ही चूक दिसतच नाही. उपाय अगदी स्वस्त: शंभर यार्डांवर ओळंबा टांगून रेटिकलची उभी रेघ त्याच्याशी जुळवा, ती जुळलेली असताना रेलवर किंवा स्कोपच्या नळीवर बुडबुड्याची लेव्हल पक्की करा, आणि प्रत्येक गोळीआधी तिच्याकडे पाहा. अवघ्या काही डॉलरांची लेव्हल नव्या नळीपेक्षा जास्त इंच वाचवते.

बटणाची परीक्षा उंच कागदावर होते. स्कोपपासून टेपने ३०० फूट मोजून उभी रेघ काढा, ओळंब्याने. खालच्या खुणेवर नेम धरून गोळी मारा, मग आठ मिल वर चढवून त्याच खुणेवर नेम. नवा ठोका २८.८ इंच वर यायला हवा. २८.२ आला, तर बटण दोन टक्के कमी देतं आणि ८०० यार्डांवर साडेचार इंच खाली मार बसतो. तो गुणक पुढे, कोणत्या अंतराला किती मिल चढायचं याच्या कोष्टकात घालता येतो. ठोके उभ्या रेघेच्या बाजूला सरकत गेले, तर स्कोप तिरका आहे. शून्यावर परत आल्यावर ठोका पहिल्या जागी नसेल, तर मात्र स्कोप परत करण्याशिवाय इलाज नाही.

नळी आणि काडतूस

१२ इंचांत एक पीळ हा ठरवतो की कोणती गोळी चालेल. डॉन मिलरच्या सूत्राने १७५ ग्रेनच्या सिएरा मॅचकिंग गोळीची स्थिरता (फिरताना न डळमळण्याचं माप) २६०० फूट वेगाला सुमारे १.७ येते. दीडच्या वर असली की निश्चिंत. त्याहून लांब, १९०-२०० ग्रेनच्या गोळ्यांना १० चा पीळ हवा. १६८ ग्रेनची मॅचकिंग १०० ते ६०० यार्डांवर अप्रतिम आहे, पण तिच्या शेपटाचा कोन १३ अंशांचा, म्हणजे जास्तच तीव्र. आवाजाच्या वेगाजवळ येताच ती डळमळू लागते. १७५ चं शेपूट ९ अंशांचं, ते ही सीमा शांतपणे ओलांडतं. या अंतराला १७५ च.

बारीक नळीच्या टोकावर आटे पाडून मझल ब्रेक (धक्का कमी करणारं टोपण) लावण्याचा मोह होतो. .३०८ साठी नेहमीचे ५/८-२४ आटे पाडायला टोक पाऊण इंच जाड लागतं. शिकारी नळीचं टोक त्याहून बरंच बारीक. १/२-२८ पाडले तर भिंत इतकी पातळ उरते की क्राऊन फुलण्याची भीती. या नळीवर ब्रेक नको. बेडिंगनंतर ग्रुप एक एमओएच्या आसपास आला आणि पाच गोळ्यांनंतर नळी थंड होऊ दिली, तर नळीला हात लावायचं कारण उरत नाही. एक एमओए म्हणजे ८०० यार्डांवर ८.४ इंचांचा ग्रुप, मध्यापासून ४.२ इंच. नवी नळी घालून अर्धा एमओए मिळवला तरी वाचले ते दोनच इंच.

वेगातला फरक जास्त महाग पडतो. २६०० ऐवजी २५७० फुटांनी निघालेली गोळी ८०० यार्डांवर सहा-सात इंच खाली लागते. म्हणून क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, हवाच. एकाच लॉटची दोन-तीनशे काडतुसं एकदम घ्या, वीस गोळ्यांचा वेग नोंदवा. प्रमाण विचलन १५ फुटांच्या खाली असेल तर ठीक. घरी काडतुसं भरणाऱ्याने दहाच्या खाली जाण्याचं लक्ष्य ठेवावं. पावडरचं वजन नेहमी गोळी किंवा पावडर बनवणाऱ्याच्या चालू मॅन्युअलमधून, खालच्या आकड्यापासून सुरू करून. बोल्ट जड उचलला गेला, प्रायमर चपटा झाला, पितळेवर इजेक्टरचा चमकदार ठसा आला, की दाब जास्त झाला असं समजून थांबायचं. मॅगझिनमध्ये बसण्यासाठी एकूण लांबी २.८ इंचांच्या आसपास राहते, आणि कारखान्याच्या चेंबरपासून नळीतला पीळ बराच पुढे सुरू होतो. म्हणजे गोळीला उडी मारावी लागते. १७५ मॅचकिंगच्या नाकाचा आकार ही उडी सहन करतो. लांब नाकाच्या नव्या गोळ्या तेवढ्या क्षमाशील नसतात.

कोष्टक आणि वारा

वेग, गोळीचा बॅलिस्टिक कोएफिशंट (हवा कापत जाण्याच्या क्षमतेचा आकडा), तापमान आणि त्या जागेचा प्रत्यक्ष हवेचा दाब कॅल्क्युलेटरला द्यायचा. हवामान खात्याचा समुद्रसपाटीला दुरुस्त केलेला दाब घातला की कोष्टक चुकतं. न्यू मेक्सिकोतल्या रॅटनजवळचं व्हिटिंग्टन सेंटर सुमारे साडेसहा हजार फुटांवर आहे. तिथल्या विरळ हवेत हीच रायफल ८०० यार्डांना अर्धा ते एक मिल कमी मागते. किनाऱ्यावरचं कोष्टक तिथे नेलं तर गोळी प्लेटच्या वरून निघून जाईल. १०० ला झिरो करून ३००, ५०० आणि ८०० वर पडताळा घ्या. जवळच्या अंतरावर जुळून लांब चुकत असेल तर वेगाचा आकडा थोडा हलवून जुळवतात, बॅलिस्टिक कोएफिशंट नव्हे.

आणि वारा. ताशी १० मैलांचा आडवा वारा ही गोळी ८०० यार्डांवर सुमारे २.२ मिल, म्हणजे सव्वापाच फूट ढकलतो. अंदाज दोनच मैलांनी चुकला तर साडेबारा इंच. प्लेट गेली. दस्ता, चाप, स्कोप सगळं ठीक झाल्यावर उरलेले जवळजवळ सगळे चुकलेले नेम वाऱ्याचे असतात. म्हणून या टप्प्यावर नळीचे पैसे वाऱ्याच्या मीटरवर आणि काडतुसांवर घालावेत.

नळी बदलण्याची खरी वेळ येते ती मूळ नळीचा घसा, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढचा भाग, झिजल्यावर, .३०८ मध्ये काही हजार गोळ्यांनंतर. तेव्हा ६.५ क्रीडमूरचा विचार करा. हॉर्नडीने २००७ मध्ये आणलेलं हे काडतूस त्याच बोल्टवर, त्याच शॉर्ट अ‍ॅक्शनमध्ये, त्याच मॅगझिनमधून चालतं. १४० ग्रेनची गोळी २७०० फुटांनी निघाली तर तोच वारा तिला साधारण पाऊण पटच ढकलतो, धक्काही कमी. मोबदल्यात नळी लवकर झिजते. पीळ ८ चा घ्या. कारखान्याची नळी सोडवायला बॅरल व्हाइस आणि अ‍ॅक्शन रेंच लागतं, नवी नळी नटवर बसणारी घेतली तर लेथशिवाय काम होतं. हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) तपासणाऱ्या गेजशिवाय मात्र कधीही नाही: गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गो वर होता कामा नये. .३०८ साठी हे आकडे १.६३० आणि १.६३४ इंच आहेत. दोन्हींमधलं अंतर फक्त चार हजारांश.

वजनाचाही विचार करावा. सात-सव्वासात पौंडांची रायफल स्कोप, नवा दस्ता आणि बायपॉडसकट अकरा-बारा पौंडांवर जाते. डोंगरात दिवसभर वाहायची असेल तर मूळ प्लॅस्टिकचा दस्ता आणि हलका स्कोप रिंगसकट जपून ठेवा. परत बदलल्यावर झिरो नव्याने करावाच लागतो. पहिल्या पन्नास गोळ्यांनंतर अ‍ॅक्शनचे, रेलचे आणि रिंगचे सगळे स्क्रू टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, आणि जे हललेले आढळतील त्यांच्यावर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवा.